नग क्रमांक बेचाळीस

दहाला पाच मिनिटं कमी असताना केसकर साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून पाटी लावली. 'ऐतिहासिक वस्तू. हात लावू नये.' स्टूल मी धरलं होतं, कारण त्याचा एक पाय लंगडा आहे हे कचेरीत फक्त मलाच माहीत होतं. तहसीलदार पडले असते तर स्टूल कोणाच्या ताब्यातलं, हा प्रश्न सगळ्यात आधी निघाला असता, आणि ते माझ्या ताब्यातलं होतं.

साहेब खाली उतरून हात झटकतात न झटकतात तोच सखाहरी ढवळे मोगरी खांद्यावर टाकून ओसरीत आले. आमच्या सोनवेढ्याच्या कचेरीत ओसरीच्या मधल्या कमानीला काशाचा एक जाड तास टांगलेला होता, आणि दर तासाला त्याच्यावर टोले देणं हे सखाहरीमामांचं काम. एकतीस वर्षं ते तेच करत होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, काय लिवलंय?"

"हात लावू नये असं लिहिलंय."

"हात कुठं लावतोय? मोगरी लावतो की."

"मोगरीही लावायची नाही," साहेब म्हणाले. "सखाहरी, हा तास सव्वाशे वर्षांचा आहे. तुला कल्पना आहे का?"

"असंल की. जड हाय."

दहा वाजले, पण तास वाजला नाही. त्याची पहिली फळं आमच्याच कचेरीला मिळाली. मस्टर दहाच्या टोल्यांना बंद व्हायचं. टोलेच पडले नाहीत, त्यामुळे त्या दिवशी कोणालाच उशीर झाला नाही. पावणेअकराला आलेला रेकॉर्डकीपर तर "आज लवकरच आलो की काय" असं म्हणून पुन्हा चहाला गेला. समोरचा स्टॅम्पविक्रेता अर्धवट उघडलेल्या फळीमागे बसून राहिला.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी तेव्हा नाझर होते, म्हणजे कचेरीतल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं, घंटा, दोऱ्या या सगळ्याची राखणदार. माझ्याकडे एक जाडजूड वही होती, जडसंग्रह नोंदवही. सरकारी मालकीची जी वस्तू झिजते पण संपत नाही, ती त्या वहीत जाते. एकदा गेली की तिला तिथून बाहेर काढणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. मंदाकिनी बोराडे हे माझं नाव पाठ असलेले लोक थोडे. बाकी सगळ्यांना मी नाझरबाई.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं. कार्यालयांमधल्या ऐतिहासिक, स्मरणीय आणि कलात्मक वस्तूंची यादी करा, जपा, आणि प्रपत्र पाच प्रतींत शनिवारपर्यंत पाठवा. केसकर साहेब तरुण होते, नव्यानं आलेले होते, आणि त्यांना इतिहासाची आवड होती. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतात तेव्हा निभावून जातं.

आमच्याकडे जपण्यासारखं कमी नव्हतं. वाघाचं एक मुंडकं होतं, डावा डोळा नसलेलं. मोजणीची गंजलेली साखळी होती. नऊ कोनशिला होत्या, त्यातल्या चार एकाच इमारतीच्या, कारण तिचं उद्घाटन चारदा झालं होतं. कोणा एका गोऱ्या साहेबाची तसबीर होती. ती पुढाऱ्यांच्या रांगेतच टांगलेली असल्यामुळे दर पंधरा ऑगस्टला तिलाही हार पडत असे.

आणि दिवाणखान्याएवढ्या प्रवेशदालनात भिंतभर एक चित्र होतं. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेलं, बेचाळीसच्या झेंडामिरवणुकीचं. मुळात मिरवणुकीत अकरा माणसं होती. पुढे जो जो सभापती झाला, त्याच्या त्याच्या वडिलांना मास्तरांनी मागच्या रांगेत उभं केलं. मी आले तेव्हा मिरवणूक सव्वीस जणांची झाली होती. समोर लाठी उगारलेला एक पोलीस होता. त्याचा नातू पंचायत समितीवर निवडून आला आणि पोलिसाच्या हातातली लाठी खोडून टाकण्यात आली. तेव्हापासून तो नुसता हात उंचावून मिरवणुकीला आशीर्वाद देत उभा आहे.

या सगळ्याचं काही नाही. वाघाला धड नसण्याची सवय झाली होती आणि मला वाघाची. पण तासाचं वेगळं होतं. मी साहेबांच्या दालनात गेले.

"साहेब, तास वाजवण्यासाठीच आहे."

"बाई, तुम्ही त्याच्या मधला खळगा पाहिलात का? किती खोल गेलाय!"

"टोल्यांनीच पडलाय तो."

"तेच म्हणतोय मी. आता आणखी पडू द्यायचा नाही."

"मग सखाहरीमामांनी काय करायचं?"

साहेबांनी टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. माणूस वाईट नव्हता, कागद वाईट होता. तास वाजवणं बंद केलं आहे, सबब तासशिपाई हे पद अतिरिक्त ठरत आहे, तरी सदर शिपायास अन्यत्र नेमणूक द्यावी. अन्यत्र म्हणजे कुठे ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. आंबेघाट. जिल्ह्याचं दुसरं टोक, दोन एसटी बदलून आणि नंतर पायी.

"साहेब, त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय."

"मग काय, दीडच वर्ष तर काढायचंय."

"त्यांची बायको चार वर्षं अंथरुणावर आहे. कचेरीमागच्या खोलीत. बदली झाली की खोलीही जाईल."

साहेबांनी कागद परत स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "मला त्यांचं वाईट वाटतं हो. पण पद वस्तूवर अवलंबून आहे. वस्तू वापरात नाही, तर पद कसं ठेवू? तुम्हीच सांगा."

दुपारी मी मागच्या खोलीकडे गेले. खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. सोनाबाई खाटेवर पडून होत्या. कमरेखालचं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत.

"नाझरबाई, आज दहा वाजलंच न्हाईत व्हय? अकराबी न्हाई. माझी गोळी अकराची आसती."

मी सखाहरीमामांकडे पाहिलं. ते चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. मान वर केली नाही.

"तासाला तडा गेलाय," ते म्हणाले. "दुरुस्तीला टाकलाय."

"खोटं बोलू नगा. सकाळचं नऊचं टोलं कसं ठणठणीत होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, यांना कुठं पाठवत्यात का? खरं सांगा."

"अजून काही ठरलं नाही," मी म्हणाले.

"पाठवलं तर मला न्यायाचं कसं? खाटंसकट?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. राग आला, तो नेमका कोणावर काढावा ते समजेना. शेवटी मी तो परिपत्रकावर काढला. म्हणजे बसून ते पूर्ण वाचलं. आमच्या कचेरीत परिपत्रक पूर्ण वाचणारी मी पहिलीच असावी.

नियम चौदा. ऐतिहासिक वस्तूसोबत तिची आनुषंगिक साधने असल्यास ती मिळून एक संच समजावा, व संचातील कोणताही नग शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय मूळ जागेवरून हलवू नये.

मी तो तीनदा वाचला. मग प्रपत्र पुढे ओढलं. आमच्या यादीत आतापर्यंत चाळीस नग झाले होते, चाळीसावा तास. मी लिहिलं, एक्केचाळीस, लाकडी मोगरी. बेचाळीस, शिपाई. तिन्हींना कंस काढून पुढे लिहिलं, 'एक संच'. स्थितीच्या रकान्यात मोगरीला 'किंचित झिजलेली' आणि शिपायाला 'कार्यक्षम'. अक्षर छान आलं.

शुक्रवारी पाहणीसाठी समिती आली. बांधकाम खात्याचे उपअभियंता आणि इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. दोघांचं वाघावरून वाजलं, कारण प्राध्यापकांना तो बिबट्या वाटत होता. मग श्रीखंडपुरीचं जेवण झालं. जेवणानंतर मी पाच प्रती पुढे ठेवल्या. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या करून ठेवल्या होत्या. सरकारी माणूस फुली दिसली की वाचत नाही, सही करतो. प्राध्यापकांनी तर एका प्रतीवर फुलीच गिरवली.

केसकर साहेबांनी फक्त शेवटचा आकडा पाहिला.

"बेचाळीस! बाई, शेजारच्या नेवरगाव कचेरीचे किती झाले म्हणालात?"

"एक्केचाळीस."

"वा!" असं म्हणून त्यांनी इतक्या जोरात सही केली की खालच्या प्रतीवरही उमटली.

संध्याकाळी मी सखाहरीमामांना बाजूला घेतलं. "मामा, एक सांगायचंय. राग मानू नका. तुम्हाला वस्तू म्हणून नोंदलंय."

त्यांनी जरा विचार केला. "मोगरीच्या आधी का मागनं?"

"मागनं."

"ते बराबर हाय. ती माझ्या आधीपासनं हाय."

पंधरा दिवसांनी आंबेघाटचा बदली आदेश आलाच. मी उलट टपाली कळवलं की सदर शिपाई हा नग क्रमांक बेचाळीस असून नियम चौदानुसार मूळ जागेवरून हलवता येत नाही. सोबत समितीच्या सह्यांची प्रत. जिल्ह्याच्या कचेरीत काय झालं असेल ते मी आजवर मनात रंगवते. अकराव्या दिवशी उत्तर आलं. बदली आदेश रद्द. मात्र सर्व नगांवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक टाकल्याची खात्री करून कळवावे.

मामांच्या पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यावर मीच बारीक ब्रशनं 'बेचाळीस' काढला. ते तो चिंचेनं घासायला निघाले होते. मी ओरडले, "मामा, पुसला तर बदली होईल!" मग पुढं रोज फक्त कडा घासत राहिले.

राहिला तासाचा प्रश्न. मी साहेबांना म्हणाले, "वस्तूला माणसांनी हात लावू नये, बरोबर?"

"बरोबर."

"मामा माणसात येत नाहीत. संचातले आहेत."

साहेबांनी प्रपत्राची प्रत काढून शेवटची ओळ वाचली. त्यांना तेव्हा कळलं असावं, पण त्यांची सही होती. दुसऱ्या दिवशी दहाला पाटीखाली उभं राहून सखाहरीमामांनी दहा टोले दिले. भिंतीमागून सोनाबाई ओरडल्याचं मी माझ्या टेबलावरून ऐकलं. "आलं! आलं!"

मी महिनाभर मान ताठ करून फिरले. एका पेनाच्या फटकाऱ्यात माणूस वाचवला असं मला वाटत होतं. दीड वर्षांनी सखाहरीमामांच्या निवृत्तीचा आदेश आला आणि माझी मान खाली गेली.

केसकर साहेब तेव्हा बदलून गेले होते. नवे साहेब स्वतःच्याच निवृत्तीला टेकलेले, आणि ऑडिटच्या नावानं घाम फुटणारे. त्यांनी माझी वही उघडून बोट ठेवलं.

"हा नग सोडायचा कसा, बाई?"

"साहेब, ते निवृत्त होतायत."

"ते होतील हो. पण नग?"

"नग म्हणजे तेच. माणूस आहे तो."

"माणूस कुठे लिहिलंय? तुम्हीच वस्तू म्हणून घेतलाय. उद्या ऑडिटनं विचारलं, बेचाळीस कुठाय, तर काय दाखवू? माझी पेन्शन अडकेल. रीतसर निर्लेखन करा. समिती, मूल्यांकन, लिलाव. नाहीतर मी कार्यमुक्त करत नाही."

निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू वहीतून काढण्याची रीत. आधी समितीनं वस्तू निकामी ठरवायची, मग तिची किंमत काढायची, मग जाहीर लिलाव. मी भांडले, विनवण्या केल्या. साहेब हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या पाया पडतो, पण मला रीतीबाहेर ढकलू नका." मग मी मुकाट्यानं प्रस्ताव लिहिला.

तेच उपअभियंता पुन्हा आले. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही, त्यांना उशीर होत होता. मोडक्या खुर्च्या सात, टाइपरायटर एक, फाटका तंबू एक, आणि नग बेचाळीस. ओसरीत सगळं ओळीनं मांडलं होतं. मामा तंबूशेजारी बिल्ला लावून ताठ उभे होते. उपअभियंत्यांनी त्यांच्या गुडघ्यांकडे, कापणाऱ्या हातांकडे एकदा पाहिलं आणि मूल्यांकनाच्या रकान्यात लिहिलं, 'झिजलेला. भंगारमूल्य नाही.'

"काय लिवलं सायबांनी?" मामांनी विचारलं.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात मी सरकारी कागदाबद्दल पुष्कळ खोटं बोलले असेन, पण तोंड लपवावंसं वाटलं ते तेव्हा एकदाच.

लिलाव बुधवारी होता. मामांनी दहाचे टोले दिले, मोगरी खुंटीला लावली आणि आपल्या जागी येऊन उभे राहिले. तेवढ्यात मागच्या बाजूनं चार शिपाई खाट घेऊन आले. खाटेवर सोनाबाई, नवं लुगडं नेसलेल्या, केस विंचरलेल्या. साडेपाच वर्षांत त्या पहिल्यांदाच ओसरीत येत होत्या. त्यांनी आधी तासाकडे पाहिलं.

"येवढाच हाय व्हय! मला वाटलं केवढा आसंल."

खुर्च्या आणि टाइपरायटर भंगारवाल्या रज्जाकभाईनं घेतले. तंबूही त्यानंच घेतला. मी पुकारलं, "नग क्रमांक बेचाळीस."

"निदान तीन बोली लागतात," साहेब कुजबुजले. "नाहीतर लिलाव रद्द."

रज्जाकभाईनं मामांकडे पाहिलं. रोज पहाटे तो त्यांच्या टोल्यांवर हातगाडी काढायचा. "चार आणे," तो म्हणाला, आणि घाईनं सोनाबाईंकडे वळला, "पण मावशी, माझ्यावर सुटू देऊ नका हां!"

"आठ आणे," स्टॅम्पविक्रेता फळीपलीकडून ओरडला.

सोनाबाईंनी पदराची गाठ सोडली. "सव्वा रुपया."

साहेब एकदम उठले. "थांबा. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला बोली लावता येत नाही. स्पष्ट नियम आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिल्यापासून गिळलेलं सगळं वर आलं. "साहेब, नग बेचाळीस ही वस्तू आहे ना?"

"अर्थात."

"मग वस्तूला नातेवाईक कुठून आले?"

साहेब खाली बसले. मी टेबलावर तीन थापा मारल्या. सव्वा रुपया एक वार, दोन वार, तीन वार.

ताबापावती मी खाटेशी नेली. सोनाबाईंनी ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. "सदर वस्तू पाहून, तपासून, सुस्थितीत मिळाली. काही तक्रार नाही."

"तक्रार न्हाई हे खरं. सुस्थितीतलं म्हनाल तर गुडघं गेलेत." त्या अंगठा उमटवताना थांबल्या. "बाई, तुमचं डोळं का भरल्यात?"

"मी त्यांना वस्तू करायला नको होतं, सोनाबाई. आज हे असं उभं करावं लागलं त्यांना."

"खुळ्या का काय तुमी! मानूस म्हनून ऱ्हायले आसते तर तवाच आंबेघाटला धाडलं आसतं. मी कुठंतरी एकली मेले आसते. वस्तू झाले म्हनून सरकारनं जपलं." आणि त्यांनी अंगठा ठसठशीत उमटवला.

सखाहरीमामांनी बिल्ला काढून माझ्या हातात दिला. चौघांपैकी एका शिपायाला बाजूला करून खाटेचा एक पाया स्वतः धरला. या दीड वर्षात त्यांच्या लेकीनं मळ्यात खोली बांधून ठेवली होती. खाट फाटकापर्यंत गेली तेव्हा अकरा वाजले होते, असं माझं घड्याळ म्हणत होतं. तास अजूनही तिथेच आहे. पाटीचं आता सगळे ऐकतात, आणि तासावर कोणी घड्याळ लावत नाही.

त्या दुपारी मी नोंदवही उघडली. बेचाळीस नंबरच्या ओळीवर तांबडी रेघ मारली. शेवटच्या रकान्यात वस्तूचं पुढे काय झालं ते लिहायचं असतं. साहेबांनी 'लिलावात विक्री' असं लिहायला सांगितलं होतं. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'मूळ मालकिणीस परत'. साहेबांनी फुलीवर सही केली. ऑडिटनं त्यावर आजवर आक्षेप घेतलेला नाही.